कासवांचे सात किलोमीटर आणि नावाड्यांची भाकरी

मुगलसराईकडून काशीकडे येणारी गाडी मालवीय पुलावर चढली की डब्यातली माणसे खिडकीकडे सरकतात, हात जोडतात, कुणी नाणे टाकते. मुगलसराई स्टेशनचे नाव २०१८ मध्ये बदलले, पण जुन्या रेल्वे कामगारांच्या तोंडी ते अजून मुगलसराईच आहे. हा पूल १८८७ साली खुला झाला, तेव्हा त्याला डफरिन पूल म्हणत. १९४८ मध्ये त्याला पंडित मदनमोहन मालवीयांचे नाव दिले गेले. खाली रूळ, वर रस्ता. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ त्याच्या देखभालीत रेल्वे कामगारांच्या पिढ्या खपल्या. परंतु ह्या पुलापासून प्रवाहाच्या वरच्या बाजूला रामनगरच्या किल्ल्यापर्यंतचे सात किलोमीटरचे गंगेचे पात्र तीस वर्षे कायद्याने कासवांसाठी राखून ठेवलेले होते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? १९८९ मध्ये ते अभयारण्य झाले आणि २०२० मध्ये त्याचा हा दर्जा काढून घेण्यात आला. त्याची एक हद्द म्हणजे आपला रेल्वेचा पूल.

साथींनो, महागाई भत्ता, पेन्शन, रिकाम्या जागा, कंत्राटीकरण असे जिव्हाळ्याचे प्रश्न समोर असताना संघटनेच्या पानावर कासवांची चर्चा कशासाठी, असे काहींना वाटेल. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आम्ही टाळणार नाही. ह्या सात किलोमीटरांच्या कहाणीत श्रमिकाला आज सर्वत्र येणारा अनुभवच भरला आहे. निर्णय वर होतो, झळ खाली बसते आणि काम करणाऱ्याला मोबदल्याऐवजी गौरवाचे नाव मिळते.

अभयारण्य आले आणि गेले

१९८६ च्या जूनमध्ये गंगा कृती योजनेचा आरंभ काशीतच झाला. सांडपाणी शुद्धीकरणाची केंद्रे, हरिश्चंद्र घाटावरील विद्युत दाहिनी ही तिची अंगे होती. त्यांच्याच जोडीला कासवे सोडण्याची कल्पना आली. गंगेत अर्धवट जळलेली प्रेते आणि मेलेली जनावरे वाहत येतात. मऊ पाठीची मोठी कासवे असे मांस खातात. तेव्हा ही कासवे वाढवली तर नदी आपली आपण स्वच्छ होईल, असा विचार होता. चंबळच्या काठावरून अंडी आणायची, सारनाथच्या केंद्रात उबवायची आणि पिल्ले मोठी करून काशीच्या पात्रात सोडायची. अशी हजारो कासवे सोडली गेली.

कल्पना वाईट नव्हती, पण अपुरी होती. काशीच्या गंगेचे मुख्य दुखणे शहराचे सांडपाणी हे होते, आणि सांडपाणी काही कासव खात नाही. संकटमोचन मंदिराचे महंत आणि काशी हिंदू विश्वविद्यालयातील जलशास्त्राचे प्राध्यापक वीरभद्र मिश्र १९८२ पासून आपल्या प्रतिष्ठानातर्फे हेच सांगत होते. पहिल्या टप्प्यात दीनापूरला दररोज ८ कोटी लिटरचे केंद्र झाले. त्याच्या कित्येक पट क्षमता उभी राहायला २०१८ साल उजाडावे लागले. तोपर्यंत नाले वाहत राहिले आणि त्याच पाण्यात कासवांनी काम करावे अशी अपेक्षा राहिली. पुरेसे साहित्य न देता गँगमनकडून रूळ सुरक्षित ठेवण्याची अपेक्षा करणारे व्यवस्थापन आपल्याला चांगले परिचयाचे आहे. कासवांचीही गत तशीच झाली.

अभयारण्य म्हटले की बंदी आली. वाळू काढायची नाही, मासेमारी नाही. ह्या पात्रावर पिढ्यान्‌पिढ्या जगणारा समाज म्हणजे मल्लाह, निषाद. होडी वल्हवणे, जाळे टाकणे, बुडालेल्याला बुडी मारून वर काढणे, वाळू उपसणे, उन्हाळ्यात रेतीवर काकडी-खरबुजाची वाडी लावणे हा त्यांचा वर्षभराचा उदरनिर्वाह. बंदीचा पहिला घाव त्यांच्या भाकरीवर पडला. नदीत नाले सोडणाऱ्या शहराला मात्र त्या मानाने काही सोसावे लागले नाही.

पुढे काळ बदलला. हल्दिया ते प्रयागराज हा १६२० किलोमीटरचा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक एक १९८६ पासून कागदावर होता. २०१८ च्या नोव्हेंबरात रामनगरला मालवाहू बोटींचा धक्का सुरू झाला आणि जलमार्गाची गती वाढली. मध्ये अभयारण्य आडवे येत होते. इतक्या गर्दीच्या, मोटारबोटींच्या आणि घाटांच्या ठिकाणी अभयारण्य टिकणे कठीण आहे, हा आक्षेपही पुढे आला, आणि त्यात तथ्य होते हे आम्ही मान्य करतो. अखेर २०२० मध्ये काशीचे अभयारण्य रद्द झाले आणि वरच्या बाजूला प्रयागराज, मिर्झापूर व भदोही जिल्ह्यांत सुमारे ३० किलोमीटरचे नवे जाहीर झाले. लगोलग २०२१ मध्ये घाटांसमोरच्या रेतीतून कालवा खोदला गेला; पावसाळ्याच्या पुराने त्याची वाट लावली. २०२३ च्या जानेवारीत त्याच रेतीवर श्रीमंत पर्यटकांसाठी तंबूंचे नगर उभे राहिले. ज्या रेतीवर गरिबाने खरबुजाची वेल लावली तर निसर्गाला धोका होता, तिथे आलिशान तंबू मात्र चालू शकले!

आता निर्णय कोणी घेतले ते पाहू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्याची हद्द बदलायची तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. ह्या मंडळाचे अध्यक्ष पंतप्रधान असतात. त्यात मंत्री आहेत, सचिव आहेत, तज्ज्ञ आहेत, स्वयंसेवी संस्था आहेत. नावाड्यासाठी, कोळ्यासाठी, रेतीवर राबणाऱ्यासाठी राखीव जागा नाही. अभयारण्य आले तेव्हा ते वरून आले, गेले तेव्हाही वरूनच गेले.

नदी ही अखंड लाईन आहे

रेल्वे कामगाराला एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. एखादा ब्लॉक सेक्शन कितीही उत्तम ठेवला आणि पुढच्या सेक्शनमध्ये रूळ उखडलेला असला, तर गाडी पोहोचत नाही. वन्यजीवांच्या वाटांचेही असेच असते. नदी ही जलचरांची लाईन आहे. फरक्काचे धरण १९७५ मध्ये सुरू झाले आणि समुद्रातून अंडी घालण्यासाठी पार अलाहाबादपर्यंत चढणारा हिल्सा मासा खालीच अडकला. काशीच्या कोळ्याने फरक्का पाहिलेही नसेल, पण त्याच्या जाळ्यातला हिल्सा तिथे थांबला.

गंगेतली डॉल्फिन, जिला तिकडे सूंस म्हणतात, तिचेही असेच आहे. ती जवळजवळ आंधळी असते, आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढते आणि मासा पकडते. काशीच्या खाली कैथीजवळ, जिथे गोमती गंगेला मिळते, तिथे ती दिसते. २००९ मध्ये तिला राष्ट्रीय जलचर ठरवण्यात आले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या देशव्यापी गणनेत नद्यांतल्या डॉल्फिन ६,३२७ भरल्या, त्यांपैकी ६,३२४ गंगेच्या खोऱ्यातल्या जातीच्या. साऱ्या देशात मिळून एवढ्याच. अशा प्राण्याला सात किंवा तीस किलोमीटरची चौकट देऊन भागत नाही. त्याला सबंध लाईन मोकळी लागते. आणि सबंध लाईनवर पहारा ठेवायला कोणत्याही वनखात्याकडे पुरेशी माणसे नाहीत. ती माणसे काठावरच आहेत.

वेळासने काय केले

काठावरची माणसे बरोबर घेतली तर काय होते, ते पाहायला फार लांब जायला नको. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात वेळास हे गाव आहे, नाना फडणविसांचे मूळ गाव. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालतात. पूर्वी ही अंडी खणून खाल्ली जात, विकलीही जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेने गावकऱ्यांना आणि वनखात्याला बरोबर घेऊन काम सुरू केले. पहाटे किनारा फिरायचा, घरटे सापडले की अंडी कुंपणात त्याच खोलीच्या खड्ड्यात ठेवायची, पिल्ले निघाली की समुद्रात सोडायची. हे करणारे हात गावातलेच. पिल्ले पाहायला लोक येऊ लागले तेव्हा त्यांची राहण्या-जेवण्याची सोय गावच्या घरांत झाली आणि चार पैसे चुलीपर्यंत पोहोचले. शाळेतली मुले बापाबरोबर किनाऱ्यावर जाऊ लागली. अंडी खणणारे गाव अंडी राखू लागले, ते कुणाच्या धाकाने नव्हे. त्यात गावाचा मान आणि मिळकत दोन्ही होते.

काशीत गंगेला मऊ पाठीची कासवे दिली, पण नावाड्याला काय दिले? हाच दोन्हींतला फरक आहे.

काशी आपल्याला परकी नाही हेही ध्यानात असावे. एकनाथांचे भागवत तिथे पुरे झाले, विश्वनाथाचे मंदिर अहिल्याबाईंनी बांधले, तिथे भोसले घाट आहे, शिंदे घाट आहे, आणि 'आज' ह्या हिंदी दैनिकाचे नामवंत संपादक बाबूराव विष्णू पराडकर हे मराठी कुळातले. ज्या नदीवर आपल्या पूर्वजांनी घाट बांधले, तिच्या पाण्याविषयी बोलण्याचा आपल्याला हक्क आहे.

प्रहरी म्हणायचे आणि पगार द्यायचा नाही

२०१६ नंतर नमामि गंगे कार्यक्रमात भारतीय वन्यजीव संस्थेच्या मार्फत काठावरच्या गावांतून 'गंगा प्रहरी' तयार करण्यात आले. कासव, सूंस, पक्षी ओळखायचे, जखमी प्राण्याची खबर द्यायची, शाळांतून मुलांना सांगायचे, काठ स्वच्छ ठेवायचा, झाडे लावायची, असे त्यांचे काम. आम्ही ह्या कामाचे मनापासून स्वागत करतो. ह्यात नावाडी आहेत, कोळी आहेत, बायाबापड्या आहेत, शिकलेली तरुण मुले आहेत. ज्याने आयुष्य पाण्यात काढले त्याला कासवाचा श्वास घेण्याचा बुडबुडा कळतो, तो पुस्तकात मिळत नाही.

परंतु प्रहरी हे स्वयंसेवक आहेत. इथे टपाल कामगारांचे कान टवकारले पाहिजेत. आपल्या खात्यात 'खातेबाह्य' नावाचा एक वर्ग होता. गावोगाव टपाल पोहोचवायचे, पण खात्याचा नोकर म्हणवून घ्यायचे नाही. ते नागरी पदावरच आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये राजम्मा खटल्यात सांगितले. २००१ मध्ये नाव बदलून 'ग्रामीण डाक सेवक' झाले. नाव गोड झाले, पण नियमित कर्मचाऱ्याचा दर्जा मिळाला नाही. रेल्वेतल्या कॅज्युअल लेबरची कहाणीही वेगळी नाही. वर्षानुवर्षे राबलेल्या हंगामी मजुरांना नियमित करण्याची योजना १९८५ मध्ये इंदरपाल यादव खटल्याच्या निकालानंतर मार्गी लागली. सेवक, मित्र, ताई, प्रहरी अशी आदराची नावे सरकार देते, तेव्हा कामगाराने पगाराची पावती कुठे आहे ते विचारावे. हे आपण अनुभवाने शिकलो आहोत.

निसर्ग दुरुस्तीचे काम पगारी असू शकते, ह्याचा दाखला आपल्याच देशात आहे. १९८२ मध्ये मसुरीच्या चुनखडीच्या खाणींनी उघड्या पडलेल्या डोंगरांवर झाडी आणण्यासाठी प्रादेशिक सेनेची पर्यावरण तुकडी उभारली गेली. त्यात निवृत्त सैनिक होते आणि त्यांना वेतन होते. डोंगर पुन्हा हिरवा झाला. गंगेसाठीही अशीच तुकडी प्रयागराजला आहे. माजी सैनिकाला वेतन मिळते ते योग्यच आहे. मग त्याच नदीवर तेच काम करणाऱ्या नावाड्याला ते का नसावे?

आपले घर आधी

दुसऱ्याला उपदेश करण्याआधी आपल्या अंगणाकडे पाहिले पाहिजे. कासवांची चोरटी वाहतूक मोठ्या प्रमाणावर रेल्वेने होते, ही कडू गोष्ट आहे. उत्तर प्रदेशातल्या तळ्या-नद्यांतून पकडलेली कासवे पोत्यांत, पिशव्यांत कोंबून गाड्यांनी पूर्वेकडे जातात. २०१७ च्या जानेवारीत अमेठी जिल्ह्यात एकाच घरातून ६,४३० कासवे पकडली गेली. रेल्वे सुरक्षा दलाने अशा तस्करीविरुद्ध 'विलेप' ही मोहीम चालवली आहे. पण सीटखालचे ओले पोते आधी कुणाला दिसते? सफाई कामगाराला, तिकीट तपासनिसाला, हमालाला, पार्सल बाबूला. ह्या माणसांना काय पाहायचे, कुणाला कळवायचे आणि कळवल्यावर आपल्याला त्रास होणार नाही ह्याची हमी कोण देणार, हे कुणी सांगितलेले नसते.

आपल्या महाराष्ट्रातही २०१८ च्या नोव्हेंबरात चंद्रपूर–गोंदिया मार्गावर वाघाचे तीन बछडे गाडीखाली सापडले. अशा वेळी वर्तमानपत्रात पहिले बोट ड्रायव्हरकडे जाते. रात्रीच्या अंधारात, वळणावर, शेकडो टनांची गाडी एकदम उभी राहत नाही, हे ज्याने इंजिन चालवले त्यालाच ठाऊक. जंगलाच्या वाटेवर वेगमर्यादा ठरवणे, रुळांखालून प्राण्यांना वाट ठेवणे, झुडपे साफ ठेवायला पुरेसे ट्रॅकमेन नेमणे हे व्यवस्थापनाचे काम आहे. वेग कमी केला म्हणून गाडी उशिरा आली तर त्याचा ठपका चालकावर येता कामा नये.

आणि टपाल? २०१६ पासून टपाल कचेऱ्यांतून गंगाजलाच्या बाटल्या विकल्या जात आहेत. सूंस १९९१ मध्ये आपल्या तिकिटावर आली, २००९ मध्ये फिलिपाइन्सबरोबरच्या संयुक्त तिकिटावर पुन्हा आली. गंगेचे पाणी आणि गंगेचा प्राणी दोन्ही पोस्टमनच्या हातून देशभर गेले आहेत. ग्रामीण डाक सेवकाइतका प्रत्येक वाडीतल्या शाळेपर्यंत नित्य जाणारा सरकारी माणूस दुसरा नाही.

आता काय करायचे

ही चर्चा आजची आहे, कारण २०२४ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने मालवीय पुलाला जोड म्हणून गंगेवर नवा रेल्वे-रस्ता पूल मंजूर केला आहे. चार रेल्वे मार्ग, सहा पदरी रस्ता, अंदाजे खर्च २,६४२ कोटी रुपये. जुन्या पुलावरचा ताण पाहता नवा पूल हवा, ह्यात शंका नाही. तो रेल्वे कामगाराच्या सुरक्षेचाही प्रश्न आहे. म्हणून आम्ही पुलाला विरोध करत नाही. मात्र पाया खणताना पात्रात जो गोंगाट आणि गाळ होईल, तो त्या नदीच्या लाईनवरच होणार आहे, जिथे काल-परवापर्यंत अभयारण्य होते.

तेव्हा संघटनांनी पुढील मागण्या धराव्यात, असे आम्ही सुचवतो.

पहिली, पुलाचे काम चालू असेपर्यंत कासवांची घरटी, मासे आणि सूंस ह्यांची नोंद ठेवण्यासाठी व काठाची दुरुस्ती करण्यासाठी स्थानिक नावाडी व कोळी ह्यांना किमान वेतनाच्या वर मजुरी देऊन नेमावे, आणि हा खर्च पुलाच्या अंदाजपत्रकातच धरावा. पुलाच्या कंत्राटी मजुरांना भविष्य निर्वाह निधी, विमा आणि राहण्याची धड जागा मिळावी. ज्या ठेकेदाराला मजुराच्या संडासाची सोय करता येत नाही, तो नदी स्वच्छ ठेवील ह्यावर आमचा विश्वास नाही.

दुसरी, गंगा प्रहरींचे काम वेतनी करावे, त्यांना अपघात विमा असावा आणि नदीविषयीच्या जिल्हा समित्यांत त्यांचे निवडून दिलेले प्रतिनिधी असावेत.

तिसरी, रेल्वेच्या प्रशिक्षण शाळांत वन्यजीव तस्करी ओळखण्याचा एक दिवसाचा पाठ असावा आणि खबर देणाऱ्या कामगाराला संरक्षण असावे.

चौथी, रेल्वेच्या वसाहती आणि डबे धुण्याच्या जागा ह्यांचे सांडपाणी कुठे जाते, हे प्रत्येक शाखेने आपल्या व्यवस्थापनाला लेखी विचारावे. उत्तर मिळाले तर ते नोटीस बोर्डावर लावावे.

पाचवी मागणी आमची आपल्याच शाखांकडे आहे. सुटीतल्या अभ्यासवर्गात आपल्या मुलांना एकदा वेळासच्या किनाऱ्यावर न्यावे. काशीला जाणाऱ्या साथींनी घाटाबरोबर सारनाथचे कासव केंद्रही पाहावे आणि नावाड्याला शेजारी बसवून नदीविषयी विचारावे. त्याच्याकडून मिळणारा धडा शाळेत मिळणार नाही.

हे कामगार संघटनेचे काम नव्हे, असे म्हणणाऱ्यांना आम्ही दोन उदाहरणे देतो. १९७१ मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीजवळचा केलीज बुश हा झाडीचा तुकडा वाचवण्यासाठी तिथल्या बायका बांधकाम मजुरांच्या युनियनकडे गेल्या. जॅक मंडी हे तिचे नेते होते. युनियनने ठरवले, इथे आमचा माणूस वीट ठेवणार नाही, आणि झाडी वाचली. पुढच्या काही वर्षांत असे चाळीसहून अधिक बहिष्कार त्या मजुरांनी घातले. ब्राझीलमध्ये रबराचा चीक काढणाऱ्या मजुरांचे पुढारी चिको मेंडिस ह्यांनी जंगल आणि मजुरी हा एकच लढा मानला. २२ डिसेंबर १९८८ रोजी त्यांची हत्या झाली. त्यानंतर १९९० मध्ये त्यांच्या नावाने जे राखीव जंगल झाले, त्यात मजुरांना बाहेर काढले नाही. तिथे राहून चीक काढण्याचा त्यांचा हक्क मान्य केला गेला. आपल्याकडेही छत्तीसगडच्या खाणींत शंकर गुहा नियोगींनी युनियनच्या कामात पर्यावरणाचा प्रश्न आणला. १९९१ मध्ये त्यांचाही खून झाला. ह्या माणसांना झाडाचे आणि पाण्याचे महत्त्व कळले, कारण त्यांचा मजूर त्याच्यावरच जगत होता.

काशीच्या गंगेत सोडलेल्या त्या हजारो कासवांपैकी काही आजही पात्रात असतील. अभयारण्याची हद्द कुठे होती हे त्यांना तेव्हाही माहीत नव्हते आणि ती पुसली गेली हेही माहीत नाही. त्यांच्या वतीने मागणी करणारे कुणी नाही. नावाड्यांच्या वतीने बोलणारेही थोडेच आहेत. संघटित कामगाराजवळ संख्या आहे, शिस्त आहे आणि निवेदन कुठे द्यायचे ह्याची माहिती आहे. नव्या पुलाचे खांब उभे राहण्याआधी आपल्या शाखेच्या पुढच्या सभेत हा विषय ठेवा, ठराव करा आणि महामंडळाकडे पाठवा.